सांधा कोणाच्या हद्दीत?

सावरगावात आमच्या घराला चिमणी आहे. गॅसच्या शेगडीवर लटकून बटण दाबलं की घरघरते ती नव्हे. विटांची, चौकोनी, कवेलूच्या पाख्यातून वर निघून पुरुषभर उंच उभी असलेली. गावात मातीच्या भिंतींची, कवेलूची जुनी घरं अजून आहेत, पण धुरासाठी असा स्वतंत्र बंदोबस्त आमच्या आळीत दुसऱ्या कुणी केला नाही. करायची गरजच नव्हती. देशी कवेलूचं छप्पर अंगानंच इतकं मोकळं, की खाली चूल पेटली की धूर सापडेल त्या फटीतून आपापला निघून जातो. फारच कोंडला तर सैपाकखोलीवरचे दोन कवेलू सरकवून सानं करायचं आणि मिरगाच्या आधी पुन्हा झाकायचं. चिमणी ही साहेबाची वस्तू, आणि आमच्याकडे ती साहेबाकडूनच आली.

माझे आबाजी तरुणपणी पचमढीला एका बंगल्यावर माळी होते. तेव्हा मध्यप्रांताची राजधानी नागपूर, आणि ऊन तापलं की सरकार फायली, चपराशी, मेमसाहेब आणि कुत्री घेऊन पचमढीला चढायचं. उन्हाळी राजधानीच ती. आता उन्हाळ्यात राहायच्या बंगल्यात दिवाणखान्यात शेकोटी आणि छपरावर विटांची चिमणी कशाला, असं कुणीही विचारील. पचमढीची हिवाळ्यातली रात्र हाडं गोठवते हे खरं, पण हिवाळ्यात बडे साहेब नागपुरात. आबाजींनी हे विचारलं नाही. ते पाहत राहिले ते एकाच गोष्टीकडे: घरात विस्तव आहे आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. इकडे आजीचे डोळे बाराही महिने लाल. नोकरी सोडून परतताना बंगल्यावरची इतर मंडळी जुन्या बशा, काचेचे दिवे, साहेबाचा उसवलेला कोट असं काहीबाही घेऊन आली. आबाजी चिमणीची कल्पना घेऊन आले.

बांधणाऱ्या गवंड्यानं मात्र जन्मात बंगल्याची चिमणी पाहिली नव्हती. त्याला चिमणी माहीत होती ती कापसाच्या जिनिंगची. त्यामुळे आबाजी सांगत होते दिवाणखान्याची आणि तो बांधत होता कारखान्याची. तयार झाली तेव्हा ती घराच्या मानानं एवढी दणकट झाली, की नव्यानं आळीत आलेला माणूस आमच्याकडे रुई दाबून मिळते का म्हणून विचारायचा. आजीनं पहिली भाकर थापली आणि धूर खरंच वर गेला. आबाजी आठवडाभर अंगणात उभे राहून आपला धूर बघत होते, असं आई सांगते. आजीचं मत वेगळं पडलं. चुलीवर दोरीला टांगलेली बियाण्याची कणसं आजवर धुरानं जपली होती. धूर परस्पर वर जायला लागला आणि पुढल्या पेरणीच्या वेळी कणसांत सोंडे निघाले. साहेबाच्या घरात शेकोटीवर बियाणं टांगत नसत, ही गोष्ट आबाजींच्या नजरेतून सुटली होती, आणि आजीनं ती त्यांना जन्मभर सुटू दिली नाही.

पण खरी लढाई धुराशी नव्हतीच. ती पहिल्याच मिरगात सुरू झाली.

छपराचं सगळं शास्त्र एवढंच, की पाण्याला उभं राहू द्यायचं नाही. आढ्यावर पडलेला थेंब पाख्यावरून सरळ वळचणीला आला पाहिजे. मधे त्याला विचार करायला वेळ मिळाला की तो घरात यायचं ठरवतो. आमची चिमणी नेमकी पाख्याच्या मधोमध. वरच्या अंगाचं सगळं पाणी वेगानं येतं, विटांच्या पाठीला धडकतं आणि थांबतं. त्याच्याबरोबर कडुनिंबाची पानं येतात, फुटक्या कवेलूच्या खापऱ्या येतात, चेंडू येतो, एकदा तर कुणाची तरी चप्पल आली. या सगळ्याचं चिमणीच्या पाठीशी छोटंसं धरण होतं आणि धरणाचा कालवा आमच्या सैपाकखोलीत निघतो. पचमढीच्या बंगल्यांवर त्या ठिकाणी पाठीमागं छोटा उंचवटा काढतात, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना फुटून जातं. आबाजी माळी होते. त्यांनी ती चिमणी सगळी खालून पाहिलेली.

त्यात आणखी गोम अशी, की वीट आणि छप्पर एकत्र राहतात पण एकत्र वागत नाहीत. चिमणी स्वतःच्या पायावर उभी. तिला ऋतूंचं सोयरसुतक नाही. छप्पर लाकडाचं आणि बांबूचं. पावसाळ्यात वासे फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, मयाल दरवर्षी थोडी वाकते. म्हणजे ज्या रेषेवर वीट आणि कवेलू भेटतात ती रेष दर साली नव्यानं उघडते. तिथं काहीही भरा, माती, चुना, सिमिट, डांबर, ते दोघांपैकी एकाचीच बाजू घेतं आणि दुसऱ्यापासून सुटतं. यावर जगभर एकच इलाज आहे: पत्र्याची किंवा शिशाची पट्टी वाकवून तिचं एक टोक विटांच्या दर्जेत खोचायचं आणि दुसरं मोकळं कवेलूवर पसरायचं. दोघांनाही हलू द्यायचं आणि वरून झाकायचं. हे कळायला आमच्या घराण्याला तीन पिढ्या लागल्या, कारण गळतीचं कारण जो तो आपापल्या धंद्याप्रमाणे सांगतो.

रोहिणी लागली की कवेलू फेरणारा येतो. कवेलू फेरणं हे आमच्याकडचं वार्षिक कर्म. एकेक कवेलू उचलायचा, झटकायचा, खालचा कचरा काढायचा, फुटका बाजूला टाकायचा आणि ओळ पुन्हा बसवायची. देशी कवेलू कुंभार चाकावर नळीसारखा ओढून उभा चिरतो. एक उताणा, एक पालथा, बस. अशानं कुठलाही कुठंही बसतो आणि कुठलाही कुठूनही सरकतो. हा माणूस छपरावर अनवाणी आणि मांजराच्या पावलानं चालतो, आणि चिमणीजवळ पोचला की मान हलवतो.

“कवेलू टकाटक हायेत. तुमच्या इटाच सडल्या, त्याले मी का करू?”

मग पांढुर्ण्याहून मिस्त्री येतो. तो विटांवर करणीचा दांडा वाजवतो, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसा, कान लावतो आणि खाली उतरतो.

“चिमणीले काही झालं नाई भाऊ. शंभर वर्स हालत नाई. पानी कवेलूतून येते.”

आणि दोघांचंही खरं असतं. विटांच्या हद्दीत पाणी नाही, कवेलूच्या हद्दीत पाणी नाही. पाणी आहे ते सांध्यात, आणि सांधा कुणाच्याच हजेरीत धरलेला नाही. दोघांना एकाच दिवशी एकाच वेळी छपरावर उभं करण्याचा घाट आम्ही घातला होता. तेव्हा दोघांनी मिळून अत्यंत एकमतानं आबाजींना दोष दिला.

आमच्या मुलखाला तसं हे नवं नाही. आबाजी नागपूर-पचमढी ये-जा करायचे तेव्हा एकाच प्रांतात फिरत होते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि घर न हलता राज्य हललं. बाजार नागपूरचा, सातबाऱ्याऐवजी खसरा, घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि लग्नपत्रिका दोन्हीत. 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हाही झाला. सांध्यावर राहणाऱ्या माणसाला ओल कुठून येते हे विचारायची सवय राहत नाही. तो सरळ खाली घमेलं ठेवतो.

आमच्याकडे घमेल्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिलं चुलीच्या डाव्या अंगाला, दुसरं पिठाच्या डब्याशी, आणि मघा नक्षत्रात झड लागली की तिसरं देव्हाऱ्यापुढं. नवख्याला वाटतं, जिथं थेंब पडतो त्याच्या वर भोक असणार. ज्याच्या घरी गळतं तो असं कधी म्हणत नाही. पाणी चिमणीपाशी शिरतं, वाशाच्या पोटाला धरून चालतं, गाठीपाशी दम खातं आणि मनाला येईल तिथं उतरतं. आमच्या आजीच्या मते ते मुद्दाम पाहुण्याच्या अंथरुणावर उतरतं, आणि हे मत आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

गळक्या घराचा एक मोठा फायदा म्हणजे माणसं जोडली जातात. एरवी रस्त्यात न बोलणारा माणूस गळतं म्हटल्यावर आत येतो, मान वर करून उभा राहतो आणि उपाय सांगतो. उपाय सांगताना कुणी खाली बघत नाही, त्यामुळे पहिल्या घमेल्याला दर पाहुण्याची एक लाथ ठरलेली. एकानं डांबर सुचवलं. एकानं एम-सील. एकानं युरियाची पोती उसवून, शिवून, डांबर लावून. शाळामास्तर होते त्यांनी चिमणीच पाडून टाका म्हटलं, आणि आईनं त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही. पण सगळ्यांत लोकप्रिय उपाय फ्लेक्सचा. निवडणूक संपली की चौकाचौकातले फ्लेक्स उतरतात आणि छपरांवर चढतात. कुठलीही योजना इतक्या लवकर आणि इतक्या गरिबाच्या घरापर्यंत पोचत नाही. फ्लेक्स मजबूत, मोठा आणि फुकट. आम्ही सीमेवर असल्यानं भोपाळचेही मिळतात आणि नागपूरचेही, म्हणजे निवडीला वाव.

आमच्या चिमणीभोवती असाच एक फ्लेक्स गुंडाळला. चेहरा वर ठेवावा की खाली, यावर घरात चर्चा झाली. वर ठेवला तर नेत्याच्या तोंडावर पाऊस. कार्यकर्ते आळीतच राहतात. म्हणून खाली ठेवला. कवेलूच्या फटीतून हात जोडलेले साहेब सैपाकखोलीत डोकावू लागले.

आई म्हणाली, “मी भाजी फोडनीले टाकतो अन हा मानूस वरून पायते. काढा त्याले.”

काढला. उलटा करून घातला. तेव्हा दिसलं, की मागच्या बाजूला पाच वर्षांपूर्वीचा दुसराच उमेदवार छापलेला होता.

शिवाय वांदर आहेत. संत्र्याच्या बगीच्यांनी वेढलेल्या गावात वांदर म्हणजे काळतोंडी, लांब शेपटीची, दहा-पंधरांच्या टोळीनं हिंडणारी. त्यांना घर कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही, पण उंच जागा आवडते, आणि सावरगावात आमच्या चिमणीइतकी बसायला सोयीची उंच जागा नाही. मुख्य वांदर चिमणीच्या तोंडावर बसतो, शेपूट आत सोडतो आणि साऱ्या आळीवर नजर ठेवतो. बाकीची त्याच्या हुकमाची वाट पाहत कवेलूवर उड्या मारतात. एका उडीला दोन कवेलू हा भाव. गावात कवेलू जाऊन टीन आले याचं श्रेय लोक सरकारला देतात. मी ते वांदरांना देतो. टिनावर उडी मारली की इतका आवाज होतो, की वांदरच दचकतो.

फुटलेले कवेलू आणायचे कुठून हाही प्रश्नच. देशी कवेलू घडवणारे कुंभार आता गणपती आणि कुल्हडांकडे वळले. ज्याला आम्ही इंग्रजी कवेलू म्हणतो तो मंगलोरी, बासेल मिशननं 1865 मध्ये मंगलोरात कारखाना काढला त्या घराण्यातला. तो खाचेत खाच बसवून राहतो, म्हणून तो देशीच्या ओळीत बसत नाही. उरतो जुना माल. गावात कुणी घर पाडून स्लॅब टाकणार अशी कुणकुण लागली की कवेलूची घरवाली मंडळी त्याच्याकडे संध्याकाळी सहज बसायला जातात. घरमालकालाही माहीत असतं, सहज का आलेत. स्लॅब पडतो, दोन-तीन पावसाळ्यांत तोही गळायला लागतो, मग त्या स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून टिनाचं शेड चढतं, आणि घरमालक म्हणतो, कवेलूचं बरं होतं. तोवर त्याचे कवेलू आमच्या छपरावर असतात.

माझा भाचा अमेरिकेत सिएटलला असतो. त्याचं घर 1920 च्या दशकातलं आणि त्याला विटांची चिमणी. घराण्यात चिमणीवाले आम्ही दोघंच, त्यामुळे बोलणं वाढलं. सिएटलची पावसाचं शहर म्हणून जगभर ख्याती. मी आकडे काढले तर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास; आमच्या जिल्ह्यातही साधारण तेवढाच पडतो. फरक एवढाच, की त्यांना तो दीडशेहून जास्त दिवस हप्त्याहप्त्यानं मिळतो आणि आम्हाला चार महिन्यांत एकरकमी. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर माझी चिमणी पाहिली आणि म्हणाला, “मामा, आधी क्राउन पाहा, मग फ्लॅशिंग, मग मॉर्टर.” म्हणजे डोक्यावरची टोपी, सांध्यावरची पट्टी आणि दर्जेतला मसाला, या क्रमानं. त्याच्याकडे चिमणी तपासायला माणूस येतो, कॅमेरा दोरीनं आत सोडतो, फोटो काढून अहवाल देतो आणि नुसत्या बघण्याचे एवढे पैसे घेतो, की तेवढ्यात आमची चिमणी नव्यानं उभी राहील. बघायचे पैसे घेतात हे ऐकून आई कितीतरी वेळ गप्प होती. आमच्या आळीत फुकट बघून गेलेल्यांची संख्या तिच्या डोळ्यांपुढून जात असावी.

तिकडे चिमणीला पावसापेक्षा भूकंपाची भीती. 28 फेब्रुवारी 2001 ला त्या भागात मोठा धक्का बसला तेव्हा जुन्या घरांच्या विटांच्या चिमण्या जागोजाग कोसळल्या. घर लाकडाचं, ते हललं आणि सावरलं. चिमणी विटांची, ती त्याच्याबरोबर हलली नाही आणि मोडली. म्हणजे तिथंही भांडण सांध्याचंच. हे ऐकून मला आपल्या गवंड्याबद्दल एकदम आदर वाटला. त्यानं कारखान्याच्या हिशेबानं बांधली म्हणून ती उभी तरी आहे.

भाच्याचा क्रम मी मिस्त्रीला सांगितला. मिस्त्रीनं तो ऐकून घेतला आणि म्हणाला, “मंजे सिमिटचे तीन पोते.” इथून चुना विरुद्ध सिमिट हा वाद पेटला. आमच्या शेजारचे काकाजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, आबाजींच्या विटा चुन्यात बसवलेल्या. त्यांच्यात सिमिट घालाल तर खबरदार. चुना मऊ असतो, श्वास घेतो. पावसाचं पाणी विटेत शिरतं तसं दर्जेतून बाहेर निघून वाळतं. सिमिट विटेपेक्षा कडक. दर्जा सिमिटनं भरली की पाण्याची वाट बंद होते, ते विटेतूनच निघू पाहतं, निघताना आपल्यातले क्षार विटेच्या तोंडाशी ठेवतं, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दोन-चार वर्षांनी सिमिटच्या रेषा तशाच उभ्या आणि मधल्या विटा गायब. काकाजींनी हे एवढ्या तळमळीनं सांगितलं, की मिस्त्रीनं बिडी विझवली.

मिस्त्रीची बाजूही लंगडी नव्हती. चुना करायचा म्हणजे कळीचा चुना आणा, विरवा, मुरू द्या, रेती आणि विटेची सुरखी घालून मळा. जुन्या काळी त्यात गुळाचं पाणी, बेलाचा गर, हिरड्याचा काढा घालत आणि बैल जुंपून घाणीत फिरवत. तो पदार्थ ऐकून आईला वाटलं डिंकाचे लाडू चाललेत. “काकाजी, घानी कुठं हाये आता? बैल कुठं हाये? चुना भेटते तो पानठेल्यावर, डबीत.” पोर्टलंड सिमिटचं पेटंट विलायतेत 1824 चं, आपल्याकडे पोरबंदरला त्याचा कारखाना 1914 मध्ये चालू झाला, आणि शंभर वर्षांत त्यानं चुन्याला असं हटवलं, की गावात चुना म्हटलं तर लोक तंबाखू पुढे करतात.

शेवटी तडजोड झाली. विटांच्या दर्जा बोटाच्या पेराएवढ्या खरवडून चुन्या-सुरखीनं भरायच्या, मजुरी दीडपट. सिमिट फक्त चिमणीच्या डोक्यावरच्या टोपीत. टोपी विटांच्या बाहेर दोन बोटं निघालेली हवी, म्हणजे पाणी चिमणीच्या अंगावरून न ओघळता लांब पडतं. पाठीमागं उंचवटा. आणि सांध्यावर पट्टी. पट्टी कोण बसवणार हे विचारताच मिस्त्री आणि कवेलूवाला दोघंही आकाशाकडे पाहू लागले, म्हणून ती पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याला बोलावून बसवली. त्याचा दोन्ही धंद्यांशी संबंध नव्हता, हीच त्याची लायकी.

एवढं करूनही भिंतीची ओल हटेना तेव्हा काकाजींनी मुद्द्याला हात घातला. “चूल कधी पेटवली होती?” घरात गॅस आला तेव्हापासून चूल परसात गेली, पाणी तापवायला. आबाजींच्या वेळी चिमणीच्या पोटात रोज दोन वेळा विस्तवाची ऊब जायची. भर श्रावणातही ती आतून कोरडी राहायची. आता ती पावसात बाहेरून भिजते आणि आतून वाळवायला कुणी नाही. छपराचंही तेच. धूर वाशा-बांबूंना काजळी चढवायचा, आणि काजळीच्या वाटेला भुंगा फारसा जात नाही. गॅस आला, आजीच्या डोळ्यांना झाला नाही पण आईच्या डोळ्यांना आराम झाला, आणि बांबूतून पिठासारखा भुसा गळायला लागला. बायकांच्या डोळ्यांचं आणि फुफ्फुसांचं पाहून शहाण्या माणसांनी धूर घालवायचे कमी का प्रयत्न केले? इथून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, मगन चूल निघाली. 1983 पासून सरकारी कार्यक्रमात निर्धूर चुली गावोगाव बसल्या, आणि ज्यांच्या घरी त्यांचा पाइप कवेलूतून वर काढला त्यांनी पहिल्या पावसात विचारलं ते आमचंच: सांध्यातून गळतं, कुणाला बोलवायचं? त्यांना आम्ही आमचा अनुभव मोकळेपणानं दिला. घमेलं ठेवा.

तर काकाजींच्या सल्ल्यानं आम्ही भर पावसात आतली जुनी चूल पेटवली. निमित्त वांग्याच्या भरताचं. पऱ्हाट्या घातल्या, वांगी ठेवली, आणि धूर वर जाण्याऐवजी आमच्याकडे आला. थंड, ओल्या चिमणीत हवेचा जड खांब उभा असतो. खालचा कोवळा धूर त्याला ढकलू शकत नाही. आधी वरच्या तोंडाशी ऊब पोचवावी लागते. जुन्या वर्तमानपत्राचा पेटता बोळा चिमणीच्या गळ्याशी धरायचा, खांब हलला की मग पऱ्हाट्या. हे भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा आम्ही चौघंही अंगणात पावसात उभे होतो आणि वांगी आत होती. बोळा धरला. चिमणी एकदम खोकली, काजळीचा लोंढा भरतावर सांडला आणि वरून मुख्य वांदर असा काही ओरडला, की आठवडाभर टोळीनं आमचं घर टाळलं. एवढा गुणकारी उपाय मला तोवर कुणी सुचवला नव्हता.

मिस्त्रीनं काम पोळ्याच्या आदल्या दिवशी संपवलं. यात त्याची घाई होती, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. त्या दिवशी पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याचे लोक झेंडा न्यायला येतात, सावरगावचे येऊ देत नाहीत, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता, त्याच्यावर दगड पडले, अशी कथा सांगतात. प्रशासनानं एके काळी दगडांऐवजी रबरी चेंडू वाटून पाहिले, गोफणीवर बंदी आणली, पण नदीत दगड पुष्कळ आहेत. लोकांचे डोळे गेले, जीवही गेले. त्या भागाबद्दल मी थट्टा करणार नाही.

पण घराचं सांगायला हरकत नाही. आमचं घर नदीपासून फार लांब नाही, आणि साऱ्या सावरगावच्या छपरांवर डोकं वर काढून उभी असलेली वस्तू ही आबाजींची चिमणी. मिस्त्री पांढुर्ण्याचा. म्हणजे ज्या हातानं टोपी घातली तो हात चोवीस तासांनी पलीकडच्या काठावर असणार. मी त्याला स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, “काम मंजे काम, गोटमार मंजे गोटमार. अन माहा हात एवढा दूर जात नाई.” जाताना मात्र त्यानं ताज्या सिमिटवर ओलं पोतं टाकलं, पोत्यावर फ्लेक्स टाकला आणि फ्लेक्सवर चार विटा ठेवल्या.

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी तो उरलेले पैसे घ्यायला आला. डाव्या दंडाला पट्टी होती. त्यानं विषय काढला नाही, मीही काढला नाही. शिडी लावून वर चढला. टोपीचा एक कोपरा उडाला होता आणि चिमणीच्या पाठीशी चार-पाच कवेलू फुटले होते. आम्ही वांदरांचं नाव घेणार तोच त्यानं नव्या उंचवट्यात अडकलेला एक गोटा उचलून दाखवला. नदीतला, गुळगुळीत, मुठीत मावेल असा. त्यानं तो उलटसुलट पाहिला, अंगठ्यानं पुसला आणि खिशात टाकला.

“भाऊ, ह्या कोपऱ्याची मजुरी नाई लावत,” तो वरूनच म्हणाला. “हा आमच्याकडचा हाये.”

“अन कवेलू?”

“कवेलूचं मले नोका सांगू. ते तुमच्या सावरगावच्या मानसाचं काम हाये.”